जांभळाची लाकडं

गेल्या उन्हाळ्यात आईचा मसाला कडू झाला. तोंडावर कुणी काही बोललं नाही, हेच वाईट. आमच्या गावठाणात तोंडावर बोलायला कुणी लाजत नाही. मासळी शिळी निघाली तर कोळणीला गल्लीच्या टोकापर्यंत ऐकवतात. पण आईच्या मसाल्याबद्दल सगळे गप्प. शेजारच्या काकीने बाटली स्वच्छ धुऊन परत आणून दिली, आणि तीही इतक्या लवकर, की आईला कळायचं ते कळलं. वर्षभराचा मसाला महिन्याभरात कुणी संपवत नाही. फेकून देतो.

आम्ही मालाडच्या गावठाणातले जुने ख्रिस्ती. बोलणं मराठी, प्रार्थना मराठी, आणि कालवण त्या मसाल्यावाचून होत नाही. ईस्टर झाला की अंगणात चूल मांडायची, मातीच्या खापरीत एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, डंकावर कुटून आणायचा आणि बिअरच्या काळपट बाटल्यांत काठीने ठासून भरायचा. उजेडाने रंग उडतो म्हणून त्या बाटल्या. आईचा मसाला नात्यागोत्यात सगळीकडे जायचा. लग्न कुणाचंही असो, रश्श्याचा पहिला घास घेतला की लोक आईकडे बघायचे. ती लाजल्यासारखं करायची, पण तेवढ्यावर तिचं वर्ष निघायचं.

कडू मसाल्यानंतर तिने लग्नाला जाणंच सोडलं. गुडघे दुखतात, म्हणायची. गुडघे आधीही दुखत होते. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायची, लसूण सोलायची, दुपारी आत जाऊन पडायची. जेवायला काय करू विचारलं तर ‘कर काहीतरी.’ ही बाई, जिने आयुष्यभर मला मीठ कमी-जास्त झालं म्हणून बोल लावले, ती म्हणते ‘कर काहीतरी’! मला भीती वाटायला लागली. आणि माझं असं आहे, की भीती वाटली की मला राग येतो. मग मी भांडी आपटते. त्या वर्षी मी पुष्कळ भांडी आपटली.

माझ्या मते सगळा दोष लाकडांचा होता. गेल्या वर्षी वखारीतून आणलेली लाकडं ओली निघाली. चूल पेटली ती धूर ओकतच. आई खोकून खोकून लाल झाली होती, डोळ्यांतून धारा, तरी खापरीवरून तोंड बाजूला करेना. नंतर डॉक्टरने मलाच झापलं. छाती अशी असताना ह्यांना चुलीपुढे बसवता कशाला? आता ह्यांना बसवणारी मी कोण! बसू नको म्हटलं की जास्त बसणाऱ्यांतली ती.

गणपतीच्या दिवसांत एका दुपारी वादळ झालं आणि विहिरीजवळचं जांभूळ मुळासकट आडवं पडलं. घर वाचलं, कुणाला लागलं नाही, पण अंगणभर फांद्या. मी डोक्याला हात लावून उभी. आई मात्र खुर्चीतून उठली, काठी टेकत गेली आणि खोडावर हात ठेवून उभी राहिली.

“ह्याच्यावर मसाला करायचा,” ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

“पण कडकडीत सुकलेलं पाहिजे हां. जरासुद्धा धूर नको. धूर झाला तर मी हात लावणार नाही. आणि ह्या वेळी परत बिघडला, तर चूल मी माझ्या हाताने फोडेन. मग तू आहेस आणि तुझी बाजारच्या मसाल्याची पाकिटं आहेत.”

कितीतरी दिवसांनी तिला काहीतरी हवं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच तिच्यावर खेकसले. म्हटलं, एवढं ओलं झाड सुकवायचं कुठे, माझ्या डोक्यावर? पण मनात म्हटलं, चला, निदान छातीची काळजी तरी कळायला लागली.

करवतवाल्याने झाडाचे ओंडके पाडून दिले. फोडायचे आम्हीच. मी आणि काकीचा नवरा, आळीपाळीने कुऱ्हाड चालवत होतो. त्याची कंबर धरली, माझी नाही, हे इथे नमूद करून ठेवते. मग प्रश्न लाकडं ठेवायच्या खोपीचा. कोंबड्यांचा जुना खुराडा होता तो कोपरा मोकळाच पडला होता. मी अंधेरीला एका छापखान्याच्या ऑफिसात काम करते. तिथे कागदाच्या गठ्ठ्यांखाली लाकडी पॅलेट येतात आणि मागच्या बाजूला पडून असतात. साहेबांना विचारून मी ते टेम्पोत घालून घरी आणले. साहेब म्हणाले, “पलंग करताय का?” म्हटलं, “लाकडांना झोपायला.” त्यांना विनोद वाटला. मी विनोद करत नव्हते.

पॅलेट खाली, म्हणजे लाकूड जमिनीला टेकणार नाही. कोपऱ्यांत बांबू रोवले, वर उतार देऊन पत्रे ठोकले. पहिल्यांदा उतार काकीच्या भिंतीकडे गेला. काकी कमरेवर हात ठेवून उभी राहिली, “तुमचं पाणी माझ्या न्हाणीत सोडतेस काय गो?” पत्रे काढले, उतार फिरवला, परत ठोकले. ह्या सगळ्यात माझ्या अंगठ्याचं नख काळं पडलं. मुलुंडला राहणाऱ्या धाकट्या भावाला फोटो पाठवला, तर त्याचा फोन आला.

“दीदी, वेडी झालीस का तू? फोनवर बोट दाबलं ना की मसाला दारात येतो.”

“तो तू खा. तुझ्या दारात येतो, तूच खा.”

“अगं यार, मी तुझ्यासाठीच...”

मी फोन ठेवला. खरं तर तो चुकीचं बोलत नव्हता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

आणि मग मी ती घोडचूक केली. आता आठवलं तरी कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं. पण मला सांगा, उपनगरात वाढलेल्या कुणी दुसरं काय केलं असतं? आपल्याकडे छप्पर गळलं की निळी ताडपत्री. खिडकीतून पाणी आलं की निळी ताडपत्री. स्कूटर झाका, गच्ची झाका, लग्नाचा मांडव झाका. ताडपत्री बांधली की माणसाला शांत झोप लागते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस गडगडायला लागला, तशी मी बाजारात गेले, सगळ्यात जाड ताडपत्री आणली आणि खोपीला चारी बाजूंनी लपेटली. वर नायलॉनची दोरी, घट्ट गाठी. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कौतुक केलं. “झकास पॅक केलंय,” म्हणाले. मी खूश. पाऊस पडला, पाण्याचा थेंब आत गेला नाही. ऊन पडलं, मी म्हटलं, आता आत मस्त तापत असेल.

तापत होतंच. दिवाळी होऊन गेली आणि एका सकाळी काकी नाकाला पदर लावून दारात. “तुमच्याकडे घूस मेलीय काय? काल रात्रीपासून आमच्याकडे जेवण जाईना.”

मी घूस शोधायला बाहेर गेले. खोपीजवळ गेल्यावर कळलं, वास तिथलाच. गाठी सुटेनात, कोयतीने दोरी कापली, ताडपत्री ओढली, आणि आतून भपकन गरम, आंबट, कुजका वास अंगावर आला. लाकडांवर पांढरी लव चढली होती. खालच्या थरात छत्र्या उगवल्या होत्या, चांगल्या टपोऱ्या. वाट लागली होती. माझ्या सगळ्या मेहनतीची वाट लागली होती.

“कपडे पिळून बादलीत झाकण लावून ठेवलेस तर वाळतील काय गो?” काकी म्हणाली. एवढी साधी गोष्ट! मला तिचा राग येणार होता, पण माझी नजर आईकडे गेली. आई तिच्या खुर्चीत बसली होती. ती खुर्ची खोपीपासून हाताच्या अंतरावर. रोज सकाळभर ती तिथे बसायची.

“आणि तू?” मी तिच्यावर ओरडले. “शेजारणीला वास जातो आणि तू इथे खुशाल लसूण सोलतेस? एक शब्द बोलली नाहीस! नाक काय गहाण टाकलंस?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी अपेक्षा करत होते की ती सुपातला लसूण माझ्या अंगावर फेकेल. तिने तसं काही केलं नाही. “सर्दी आहे मला,” एवढंच म्हणाली, आणि उठून आत गेली. दुपारी तिने जेवण अर्धं टाकलं. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला. तिला सर्दी नव्हती, हे मला माहीत होतं. मला वाटलं, मुद्दाम गप्प बसली असेल. तिला मसाला करायचाच नसेल आता.

त्या रविवारी मी सगळी खोपी उपसली. एकेक लाकूड काथ्याने घासलं, उन्हात पसरलं, सडकी निघाली ती फेकली. मग पुन्हा रचली, ह्या वेळी आडवा थर, उभा थर, मध्ये हात जाईल अशी फट ठेवून. बाजू उघड्या. डोक्यावर फक्त पत्रा. ताडपत्रीची घडी करून मी ती काकीला देऊन टाकली, म्हटलं ठेव तुझ्याकडे, माझ्या डोळ्यांसमोर नको.

नंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. सकाळी उठले की चहाच्या आधी खोपीकडे. दोन लाकडं एकमेकांवर आपटायची. ओली असली की थप्प आवाज येतो, सुकली की टणकन. रोज थप्प. परत थप्प. ऑफिसला उशीर. ऑफिसात बसले की काचेतून आभाळ बघायचं. जरा ढग दिसला की हिशेब चुकायचे. जानेवारीत नको तेव्हा भुरभुर आली, तर मी साहेबांना सांगितलं आईची तब्येत बिघडलीय, आणि हाफ डे टाकून मेट्रो पकडली, पुढे रिक्षा. घरी पोचेपर्यंत पाऊस थांबला होता आणि खोपी कोरडी होती. आई दारात उभी.

“काय झालं गो? कामावरून काढलं?”

“लाकडं बघायला आले.”

तिने आधी माझ्याकडे, मग खोपीकडे बघितलं आणि हसायला लागली. दाराला धरून हसली. “लाकडांसाठी हाफ डे!” ती मला म्हणाली. “तुझा बाप माझ्या बाळंतपणाला घेत नव्हता.” मीही हसले. किती महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

त्यानंतर तीही लाकडं बघायला यायला लागली. पण तिची पद्धत निराळी. लाकडाचं एक फाटकं उचलून ती माझ्या नाकासमोर धरायची. “हुंगून सांग. आंबट येतो का अजून?”

“तूच हुंग की.”

“तू सांग. तुला शिकायला नको? मी काय जन्माला पुरणार?”

मग मी हुंगायची. आंबट येतो, म्हणायची. थोडा येतो. आज नाही येत, नुसता लाकडाचा येतो. ती मान हलवायची, लाकडाच्या टोकाला पडलेल्या चिरांवर बोट फिरवायची आणि फाटकं परत जागेवर ठेवायची. मला वाटायचं, शिकवतेय. मला ते आवडायला लागलं होतं. पण आत एक किडा वळवळत होता. समजा लाकूड सुकलं आणि तरीही मसाला कडू झाला, तर? मग लाकडावर ढकलता येणार नाही. मग फक्त आई उरेल. मग ती चूल फोडेल आणि त्या खुर्चीत बसून राहील, आणि मी पाकीट फाडून तिच्यासाठी कालवण करीन, आणि ती म्हणेल, चालेल.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात एका सकाळी लाकूड टणकन वाजलं. दुसरं घेतलं, टणकन. मी अंगणात एकटीच नाचले.

चूल मांडली. भाऊ येतो म्हणाला होता, आला नाही, त्याने मास्कचा डबा पाठवला. मी आईची खुर्ची चुलीपासून लांब, भिंतीला लावून ठेवली, तिला मास्क बांधला आणि दम दिला, “इथून सांगायचं. मी भाजते. उठलीस तर बघ.” ती लगेच ‘बरं’ म्हणाली, तिथेच मला शंका यायला हवी होती.

लाकडं पेटली. काय सांगू तुम्हाला! एकदा चट् झालं आणि निर्मळ, पिवळी आग. धुराचं नाव नाही. काकी भिंतीवरून डोकावून म्हणाली, “गॅस लावलायस काय?” मला वाटलं तिची पापी घ्यावी. धणे भाजले, गहू भाजले, चणाडाळ, तीळ, खसखस. आई लांबून रंग बघून सांगत होती, काढ, हलव, अजून थोडं. सगळं बिनचूक. मग मिरच्या आल्या.

मिरची म्हणजे मसाल्याचा जीव. कच्ची राहिली तर मसाला टिकत नाही आणि एक फेर जास्त झाला की कडू. काळपट लाल रंगात डोळ्याला काही कळत नाही. आई आजवर नाकानेच भाजत आलेली. मी खापरीत मिरच्या टाकल्या, लाकडी डाव फिरवायला लागले, आणि बघते तर ही उठून माझ्या शेजारी. मास्क गळ्यात. खापरीवर वाकून सगळं तोंड त्या तिखट वाफेत घातलेलं.

“मरायचंय काय तुला?” मी एका हाताने तिचा दंड धरून मागे ओढलं.

“सोड गो!”

“नाही सोडत! डॉक्टरने काय सांगितलंय? बस जा तिथे, लांबून वास घे!”

“वास येत नाही मला!”

माझा हात थांबला.

“काय?”

“नाही येत. त्या तापापासून.” ती माझ्याकडे न बघता खापरीकडे बघत होती. “तो साथीचा ताप. तुम्हा सगळ्यांचा वास गेला आणि परत आला. माझा नाही आला. आज येईल, उद्या येईल करत राहिले.”

“मग इतकी वर्षं मिरची...?”

“ठसक्यावर. मिरची तयार झाली की ठसका लागतो, तो वेगळा असतो, इथे बसतो.” तिने गळ्याखाली बोट लावलं. “त्यावर काढायची. कुणाला कळलं नाही. गेल्या वर्षी धूर एवढा होता, मेला, की धुराचा ठसका कुठला आणि मिरचीचा कुठला, मला समजेना. म्हणून सुकं लाकूड पाहिजे होतं. धूर नको होता मला. हलव, हलव तू, बघतेस काय!”

मी हलवायला लागले. डोळ्यांपुढे खोपी आली, ती सडलेली खोपी, आणि तिच्या शेजारी लसूण सोलत बसलेली ती. नाक गहाण टाकलंस काय, असं मी तिला सगळ्या गल्लीदेखत विचारलं होतं. माझी मलाच शरम वाटली. शेजारी तिची छाती धपापत होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिला पुढे येऊ दिलं असतं तर ती पडलीच असती तिथे.

“तू लांब हो,” मी म्हटलं. “मी आहे ना. माझा ठसका चालेल?”

तिने जरा विचार केला. खरोखर विचार केला, माझं नाक-तोंड पारखत. मग ती दोन पावलं मागे गेली, मास्क वर ओढला आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून उभी राहिली. मी खापरीवर वाकले. डोळे चुरचुरले, पाणी आलं. घशाच्या खाली, तिने बोट लावलं होतं तिथे, काहीतरी जाऊन बसलं आणि मी जी खोकले ती खोकतच राहिले.

“आला?”

मी मान हलवली.

“मग काढ!”

मसाला कुटून आला. आम्ही दोघींनी मिळून बाटल्या भरल्या, ती काठीने ठासत होती, मी धरत होते. पहिली बाटली भरल्यावर तिने सवयीने ती नाकाशी नेली, मग मध्येच थांबली आणि माझ्यापुढे धरली.

“ह्या वेळी आधी चाखून बघितला, जिभेला कडू नाही लागत. ते मला कळतं. वास कसा आहे ते सांग. खोटं सांगितलंस तरी मला कळायचं नाही, तेव्हा खरं सांग.”

मी वास घेतला. डोळे मिटून परत घेतला. लहानपणापासूनचे सगळे उन्हाळे माझ्या ओळखीचे होते, त्यामुळे मला लगेच समजलं. एकदम छान आहे, असं म्हणणं सोपं होतं. तिने बाटलीचं बूच लावून टाकलं असतं आणि विषय संपला असता.

“कच्चट आहे थोडा,” मी म्हटलं. “किंचित. मी लवकर काढला.”

मला वाटलं, आता चूल फोडणार. पण तिने बूच बसवलं, बाटली पुसली आणि दुसरी पुढे ओढली.

“तुझा ठसका लवकर येतो,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी आला की थोडी थांब.”